लाल ढग आणि कोरडं शिवार



आजचा भाग पावसाचा आहे. भजी, चहा आणि लोणावळ्याच्या ट्रॅफिकवाला पाऊस नव्हे. पाऊस मोजायचा कसा, आणि तोही वरून, उपग्रहातून, याबद्दल बोलायचंय. मी पुण्यात याच कामात आहे. उपग्रहांकडून आलेले पावसाचे आकडे आणि जमिनीवरच्या पर्जन्यमापकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे, कुठे जुळतात आणि कुठे नाही ते बघायचं. जून ते सप्टेंबर मोठी रजा मागायची नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

दर पावसाळ्यात मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला मराठवाड्यातून, सोलापूरकडून, माणदेशातून. "दादा, उपग्रहाच्या फोटोत आमच्या गावावर लालभडक ढग होता. रात्री उशिरापर्यंत वाट बघितली. टिपूस नाही पडला." दुसरा कोकणातून आणि घाटमाथ्यावरून. "फोटोत आमच्याकडे नुसतं पांढुरकं दिसत होतं आणि इथं ओढा पुलावरून चाललाय. तुमचा उपग्रह झोपलाय का?"

गंमत अशी की दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. उपग्रहाला पाऊस दिसत नाही. त्याला ढग दिसतो, तोही वरून. गच्चीवरून खाली रस्त्यावर बघितलं तर छत्र्या दिसतात, छत्रीखालचा माणूस भिजलाय की कोरडा आहे ते कळत नाही. तसंच हे. छत्रीवरून माणसाचा अंदाज बांधायचा, हे या सगळ्या शास्त्राचं काम आहे.

आधी तुमच्या मोबाईलवर येणारा तो फोटो समजून घेऊ. आपल्याकडे तो मुख्यतः इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांकडून येतो. इन्सॅट-3डी 2013 मध्ये गेला, 3डीआर 2016 मध्ये आणि 3डीएस फेब्रुवारी 2024 मध्ये. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्या वेगानंच फिरतात. त्यामुळे ते आपल्या डोक्यावर एकाच जागी थांबल्यासारखे असतात आणि दर अर्ध्या तासाला नवा फोटो देऊ शकतात. रात्रीसुद्धा. कारण तो फोटो प्रकाशाचा नसतो, उष्णतेचा असतो. अवरक्त किरणांमध्ये ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतात आणि त्या तापमानाला रंग देतात. लाल हा रंग ढगाचा नाही, कुणीतरी संगणकावर ठरवलेला आहे. माथा जितका थंड, तितका रंग भडक.

माथा थंड म्हणजे ढग उंच. वर जावं तशी हवा थंड होते, एवढं तर शाळेत शिकलोय. सहा-सात किलोमीटर उंचीच्या ढगाचा माथा शून्याच्या थोडा खाली असतो. पंधरा किलोमीटर उंच गेलेल्या ढगाचा माथा उणे 70 अंशांच्या आसपास. मग शास्त्रज्ञांनी साधा हिशोब मांडला, उंच ढग म्हणजे जास्त पाऊस. 1970 आणि 80 च्या दशकांत यातूनच एक नियम पुढे आला. ढगाचा माथा उणे 38 अंशांहून थंड असेल, तर तिथे ताशी तीन मिलिमीटर पाऊस पडतोय असं धरा. बास, इतकंच. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण उष्ण कटिबंधातल्या मोठ्या प्रदेशाची महिनाभराची सरासरी काढायला हा नियम बऱ्यापैकी चालतो. समुद्रावर तर दुसरं काही हातात नव्हतंच.

पण तुमच्या गावाच्या आजच्या संध्याकाळसाठी तो चालत नाही. उंच गेलेला ढग वर जाऊन पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा होतो. पाऊस पडतो तो मधल्या खांबाखाली. बाजूला पसरलेला भाग नुसता बर्फाच्या बारीक कणांचा पडदा असतो, त्याखाली बहुधा काहीच पडत नाही. फोटोत मात्र खांब आणि पडदा दोन्ही लाल. त्यात पावसाळ्यात चौदा-पंधरा किलोमीटरवर वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरात वाहतो. खाली नैऋत्येचा वारा आणि वर पूर्वेचा, ही आपल्या मान्सूनची खासियत. त्यामुळे विदर्भ-तेलंगणात तयार झालेल्या ढगाचा पडदा वरच्या वाऱ्यानं पश्चिमेकडे ओढला जातो आणि मराठवाड्यातला माणूस मोबाईलवर लाल बघत बसतो. पाऊस नांदेडच्या पलीकडे पडून गेलेला असतो.

हा झाला पहिला चकवा. तो सोडवायचा तर ढगाच्या आत बघायला हवं. त्यासाठी मायक्रोवेव्ह लहरी वापरतात, कारण त्या ढगातून आरपार जातात.

27 नोव्हेंबर 1997 ला जपानच्या तानेगाशिमा बेटावरून एक उपग्रह गेला, टीआरएमएम. लाडानं सगळे त्याला 'ट्रिम' म्हणतात. अमेरिकेची नासा आणि जपानची अंतराळ संस्था, दोघांचा मिळून. अवकाशातून पाऊस बघणारं पहिलं रडार त्याच्यावर होतं. तीन वर्षं चालेल म्हणून पाठवला आणि 2015 पर्यंत चालला. सरकारी कामात उलटं होतं, त्यामुळे हे मुद्दाम सांगतोय. हा उपग्रह फक्त 35 अंश उत्तर ते 35 अंश दक्षिण एवढ्याच पट्ट्यात फिरायचा, आणि रोज त्याची तुमच्या गावावरून जायची वेळ थोडी सरकायची. आज दुपारी आला, तर काही दिवसांनी सकाळी. वरवर ही गैरसोय वाटते, पण ते मुद्दाम केलं होतं. त्यामुळे दिवसाच्या प्रत्येक प्रहरी कुठे किती पाऊस पडतो, याचा पहिल्यांदा नीट नकाशा बनला. जमिनीवर दुपार-संध्याकाळचा जोर, मेघालयात रात्रीचा आणि पहाटेचा, हे आधी लोकांना अनुभवानं माहीत होतं. आता ते नकाशावर आलं.

28 फेब्रुवारी 2014 ला त्याचा वारस गेला, जीपीएम. त्यावर दोन वेगवेगळ्या लहरींची रडार आहेत, आणि तो 65 अंशांपर्यंत दोन्ही बाजूंना जातो. मधल्या काळात आपला आणि फ्रान्सचा मिळून मेघा-ट्रॉपिक्स होता, 2011 पासून. काम संपल्यावर मार्च 2023 मध्ये इस्रोनं त्याला ठरवून पॅसिफिकवर खाली आणलं.

आता जरा नीट ऐका, कारण आजच्या भागाचा गाभा इथे आहे. रडार भारी असतं, पण त्याचा पट्टा अरुंद असतो. जीपीएमचं रडार एका वेळी सुमारे 245 किलोमीटर रुंदीचा पट्टा बघतं आणि पुढे जातं. तुमच्या गावावर ते रोज येईलच असं नाही. त्यामुळे रोजचा हिशोब मुख्यतः दुसऱ्या एका उपकरणावर चालतो. ते स्वतः लहरी सोडत नाही, खालून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी नुसत्या ऐकतं. असे कान अनेक देशांच्या उपग्रहांवर आहेत.

हा कान समुद्रावर उत्तम चालतो. समुद्राचा पृष्ठभाग या लहरींमध्ये 'थंड' दिसतो, काळ्या फळ्यासारखा. पावसाचे थेंब त्यावर 'गरम' दिसतात, पांढऱ्या खडूसारखे. काळ्या फळ्यावर पांढरा खडू, सरळ वाचता येतं. जमीन मात्र स्वतःच गरम दिसते. म्हणजे फळाच पांढरा. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूनं लिहिलं तर कोण वाचणार? मग जमिनीवर वेगळी युक्ती करतात. ढगात वरच्या थरात बर्फाचे कण, गारा असतात. खालून येणाऱ्या लहरी ते विखरून टाकतात, त्यामुळे तेवढ्या जागी काळा डाग दिसतो. डाग जितका गडद, तितका बर्फ जास्त. आणि बर्फ जास्त म्हणजे खाली पाऊस जास्त, असं धरायचं.

म्हणजे बघा, आपण आत शिरलो खरे, पण जमिनीवर पुन्हा अंदाजच. आधी थंड माथ्यावरून पाऊस, आता बर्फावरून पाऊस.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसाला हे बरोबर लागू पडतं. वळवाचा ढग म्हणजे दुपारी चारला डोंगरासारखा उभा राहणारा, काळाकुट्ट, आत गारा, विजा, वादळ. उपग्रहाला तो लगेच सापडतो.

आता जुलैतला सह्याद्री डोळ्यांसमोर आणा. आंबोली, महाबळेश्वर, ताम्हिणी, कोयनेचा परिसर. विजा क्वचित. गडगडाट नाही. धुकं आणि पाऊस वेगळा ओळखता येत नाही. दिवसेंदिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, आणि पाऊस असा की एका सुरात चाललेला. अरबी समुद्रावरून बाष्पानं गच्च भरलेला वारा येतो, घाटाच्या कड्याला धडकतो, वर चढतो आणि तिथेच रिकामा होतो. त्याला पंधरा किलोमीटर उंच जायची गरजच पडत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हवा शून्य अंशाला पोचते ती सुमारे पाच किलोमीटरच्या थोडं वर. घाटावरचे बरेचसे पावसाळी ढग या रेषेच्या आसपासच संपतात किंवा थोडेच वर जातात. त्यांच्यात बर्फ नाही, किंवा अगदी थोडा. खाली मात्र थेंबावर थेंब आदळून मोठे होत राहतात आणि धार लागते. याला आमच्या भाषेत उष्ण पाऊस म्हणतात. पाणी गरम असतं म्हणून नव्हे, बर्फाशिवाय तयार होतो म्हणून. भिजल्यावर कुडकुडायला होतंच.

आता या ढगाकडे उपग्रहातून बघा. माथा फार थंड नाही, म्हणून इन्सॅटच्या फोटोत तो राखाडी-पांढुरका. आत बर्फ नाही, म्हणून मायक्रोवेव्हच्या कानाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आणि रडार डोक्यावर आलंच, तर डोंगराचा स्वतःचा प्रतिध्वनी इतका येतो की जमिनीलगतचा एक-दोन किलोमीटरचा थर त्याला नीट वाचता येत नाही. नेमका जिथे थेंब मोठे होतायत तो थर. तिन्ही डोळे एकाच ठिकाणी फसतात. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात उपग्रह पाऊस कमी दाखवतात, ते यामुळे. आणि हे एखाद्या दिवसाचं नाही, दर पावसाळ्यात होतं.

2015 मध्ये आत्सुशी हामादा, युकारी ताकायाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिमच्या रडारची दहाहून जास्त वर्षांची माहिती चाळली. उष्ण आणि उपोष्ण कटिबंधात सगळ्यात उंच ढग कुठे आणि सगळ्यात जोराचा पाऊस कुठे, याची तुलना केली. दोघांचा संबंध फारच कमकुवत निघाला. सगळ्यात उंच ढग आणि सगळ्यात मोठा पाऊस बहुतेक वेळा वेगवेगळेच असतात. भारतीय उपखंडात अतिशय उंच ढग दिसतात ते वायव्येला, पाकिस्तान आणि हिमालयाच्या पायथ्याच्या त्या कोपऱ्यात. पाऊस मात्र सह्याद्री आणि मेघालय घेऊन जातात. मला स्वतःला हा निष्कर्ष फार आवडतो. कारण घाटावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं, तर त्यानं सांगितलंच असतं की गडगडाट करणारं आभाळ वेगळं आणि आषाढाची झड वेगळी.

मग यावर कुणी काही करतंय का? करतायत. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएमची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, 2012 पासून. तिथे थेंबांचे आकार मोजतात. मांढरदेवच्या डोंगरावर त्यांनी रडार बसवून घाटावरच्या ढगांची उंची, वाढ, वेळ बघितली. बघायला जागा किती योग्य! एका बाजूला घाटमाथा, दुसऱ्या बाजूला पावसाची सावली. क्योटो विद्यापीठाच्या शोइची शिगे यांनी तर वेगळीच वाट काढली. उपग्रहाला दिसत नाही ना, मग वारा आणि डोंगर बघा. बाष्प किती, वारा कड्यावर किती जोरात चढतोय, हे आधीच माहीत असतं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की संगणकाला सांगायचं, बाबा रे, इथे बर्फ शोधू नकोस, इथे बुटक्या ढगाचा नियम लाव. जपानच्या जीएसमॅप नावाच्या नकाशांत ही सुधारणा वापरली गेली आणि ती आपल्या पश्चिम घाटावरही तपासली गेली. चूक कमी होते. संपत नाही.

आता घाट उतरून पूर्वेला येऊ. माझं आजोळ साताऱ्यातच, पण माण तालुक्यात. एकाच जिल्ह्याचा हा कारभार बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. वाईला उतरलात की सात-आठशेच्या आसपास. आणि दहिवडीकडे गेलात की त्याहूनही कमी. महाबळेश्वर ते वाई हे अंतर उपग्रहाच्या नकाशावर दोन-तीन चौकोनांचं आहे, कारण जीपीएमच्या प्रसिद्ध नकाशाचा एक चौकोन सुमारे 11 किलोमीटरचा असतो.

माणमध्ये उपग्रहाची गडबड नेमकी उलटी होते. ढग येतो, आत पाऊस तयारही होतो, पण खालची हवा कोरडी. थेंब पडता पडता वाटेतच वाळून जातात. ढगाखाली लोंबणारे राखाडी धागे तुम्ही पाहिले असतील, जमिनीला न टेकणारे. उपग्रहानं तो पाऊस मोजला, शिवाराला मिळाला नाही. म्हणून पर्जन्यछायेत हलका पाऊस बरेचदा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो.

मामाला मी हे एकदा समजावून सांगत होतो. तो डाळिंबाच्या छाटणीत होता. म्हणाला, "म्हणजे जिथं लय पडतो तिथं तुमचा उपग्रह कमी सांगतो, आणि जिथं पडत न्हाई तिथं जास्त सांगतो?" म्हटलं, "मामा, थोडक्यात तसंच." तो म्हणाला, "मग आमच्या तलाठ्यात नि त्याच्यात फरक काय?"

हसू आलं खरं, पण मामाच्या प्रश्नात पैसा आहे. मृग बहाराच्या डाळिंबाला हवामान आधारित विमा असतो. पावसाचा खंड किती दिवसांचा पडला, यावर भरपाई ठरते. आणि खंड मोजला जातो मंडळातल्या ठरलेल्या हवामान केंद्रावर. एका वर्षी मामाच्या शिवारात आठवड्यांमागून आठवडे पाऊस नव्हता, पण केंद्राच्या गावात मध्येच एक सर येऊन गेली. कागदावर खंड तुटला. मामाच्या झाडांना ते कुणी कळवलं नव्हतं. उलट बाजूही तशीच. आपल्याकडे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. 65 झाला की पंचनामा. 60 झाला तर वावरात पाणी साचलेलं असलं तरी फाईल हलायला वेळ लागतो.

तुम्ही म्हणाल, मग उपग्रहाचा आकडा घ्या. प्रत्येक शेतावर आहेच की तो! इथे माझं मत स्पष्ट आहे. एका गावाच्या, एका दिवसाच्या पैशाचा निर्णय फक्त उपग्रहाच्या आकड्यावर घेऊ नये. सध्या तरी नाही. 11 किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी म्हणजे तुमच्या बांधावरचा पाऊस नव्हे. 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 73. सरासरी काढली तर पाचशेच्या वर, आणि तेवढा पाऊस दोन्हीपैकी कुठेही पडला नव्हता.

पण नुसत्या पर्जन्यमापकावर भागेल, असंही समजू नका. पर्जन्यमापकाचं तोंड असतं वीतभराहूनही लहान. 2017 मध्ये काही शास्त्रज्ञांनी हिशोब केला होता. जगभरातले ज्यांच्या नोंदी मिळू शकतात असे सगळे पर्जन्यमापक गोळा करून त्यांची तोंडं शेजारी शेजारी मांडली, तर जागा भरते अर्ध्या फुटबॉल मैदानाहूनही कमी. एवढ्यावरून आपण अख्ख्या पृथ्वीचा पाऊस सांगत होतो. समुद्रावर तर मापक लावणार तरी कुठे? आणि आपला पाऊस येतो समुद्रावरूनच.

उपग्रहाची खरी ताकद आकड्यात नाही, चालीत आहे. पाऊस कुठून निघाला, कुठे सरकला, कधी थबकला. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ट्रिमच्याही कितीतरी आधीचं आहे. त्यात रडार नाही, मायक्रोवेव्ह नाही, फक्त ढगांचे फोटो आहेत. डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ. गाडगीळबाई मूळच्या पुण्याच्या, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करायच्या. या दोघांनी 1973 ते 1977 या पाच वर्षांतले एप्रिल ते ऑक्टोबरचे रोजचे उपग्रह-फोटो घेतले आणि भारताच्या रेखांशांवर ढगांचा मुख्य पट्टा रोज कुठे आहे, एवढंच नोंदत गेले. 1980 मध्ये तो निबंध आला.

त्यांना दिसलं की ढगांच्या पट्ट्याला दोन आवडत्या जागा आहेत. एक भारताच्या भूमीवर, 15 अंशांच्या उत्तरेला. दुसरी विषुववृत्ताजवळ, समुद्रावर. जमिनीवरचा पट्टा काही आठवडे जोरात असतो, मग विरतो, खंड पडतो. तेव्हा समुद्रावर नवा पट्टा उभा राहतो आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो. जुन्याला जणू नवीन कुमक मिळते. हे पुन्हा पुन्हा, दोन ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. जमिनीवरच्या पर्जन्यमापकांवरून पाऊस थांबला एवढंच कळत होतं. तो थांबलेला असताना दक्षिणेला समुद्रावर पुढच्या पावसाची जुळवाजुळव चाललेली असते, हे वरून बघितल्यावर दिसलं. आज पुढच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज दिला जातो, त्याच्या पायाशी हे काम आहे. जूनच्या शेवटी पेरणी करावी की थांबावं, दुबार पेरणीचं बियाणं पुन्हा विकत घ्यावं लागणार का, या प्रश्नाला याहून जवळचं शास्त्र माझ्या माहितीत नाही.

इतकं कौतुक झाल्यावर पुन्हा एकदा घाटाकडे जातो, कारण तिथली चूक सगळ्यात महाग पडते. जुलै 2014 मध्ये माळीण, जुलै 2021 मध्ये तळीये, जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडी. तिन्ही सह्याद्रीच्या उतारावरच्या वस्त्या, तिन्ही दरडीखाली गेल्या. तळीयेला दरड कोसळली त्याच 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. नासाची एक प्रणाली आहे, जीपीएमच्या पावसावरून जगभरात दरडीचा धोका कुठे वाढलाय ते दाखवणारी. चांगली आहे, फुकट आहे. पण तिच्या पोटात जाणारा पाऊसच घाटावर कमी मोजला जात असेल, तर धोकाही कमीच दिसणार. वस्ती डोंगराच्या कुशीत, मापक तालुक्याच्या गावी, उपग्रह ढगाच्या माथ्यावर फसलेला. म्हणून उपग्रह आले, आता मापक कशाला, असं कुणी म्हटलं की मी भांडतो. घाटात मापक आणि रडार जास्त हवेत, कमी नाही. उपग्रहाला सुधारायलासुद्धा तेच लागतात. जमिनीवर खरं किती पडलं हे माहीत नसेल, तर वरचा किती चुकला ते कसं कळणार?

असो. आता तुमच्या मोबाईलकडे येतो. हे सगळं फुकट बघता येतं. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅटचे फोटो, इस्रोच्या मोसडॅकवर त्याच उपग्रहांची आणखी माहिती, नासाच्या वर्ल्डव्ह्यूवर जीपीएमचा पाऊस. बघताना काही गोष्टी लक्षात ठेवा.

एकच फोटो बघू नका, चार-पाच तासांची चाल बघा. लाल ठिपका लहान, टोकदार कडांचा आणि वाढत असेल तर तो खांब आहे, त्याची दखल घ्या. पसरट, एका बाजूनं विरत जाणारा असेल तर बहुधा नुसता पडदा. जुलैत घाटावर रंगाकडे दुर्लक्षच करा. तिथे किनाऱ्याकडून येणारा वारा किती जोराचा आहे ते बघा आणि जवळचं डॉप्लर रडार बघा.

जीपीएमचा जो नकाशा मिळतो, आयमर्ग नावाचा, तो तीनदा निघतो. पहिला साधारण चार तासांत, घाईचा. दुसरा चौदा तासांनी, जरा सुधारलेला. तिसरा तीन-साडेतीन महिन्यांनी, जमिनीवरच्या मापकांशी मासिक ताळा करून. अभ्यासाला, प्रोजेक्टला तिसराच घ्या. दर अर्ध्या तासाचा पाऊस त्यात असतो खरा, पण दर अर्ध्या तासाला मायक्रोवेव्हचा उपग्रह तुमच्यावर नसतो. दोन फेऱ्यांच्या मधली जागा ढगांच्या चालीवरून भरलेली असते. क्रिकेटच्या दोन फोटोंवरून मधला चेंडू कुठे असेल ते सांगण्यासारखं.

आणि तारीख-वेळ. यात भलेभले अडकतात, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तर दर वर्षी. बऱ्याच उपग्रह-फोटोंवर वेळ ग्रीनिचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. शिवाय आपल्या हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे 23 जुलैचा पाऊस म्हणून जो आकडा पेपरात येतो, तो 22 च्या सकाळी साडेआठपासून 23 च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. उपग्रहाचा रोजचा नकाशा मात्र ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून मोजतो. दोन्हींची नुसती तारीख बघून तुलना केलीत, तर अख्खी रात्रभराची झड चुकीच्या दिवसात जाईल आणि तुम्ही उपग्रहाला नावं ठेवाल. अर्ध्या तासाचे आकडे घ्या, साडेआठ ते साडेआठ बेरीज करा, मग जुळवा.

घाटावर राहणाऱ्यांनी हे करून बघा आणि किती कमी आलं ते कळवा. माणदेशवाल्यांनी किती जास्त आलं ते. चला, थांबतो. पुढच्या भागात विजा.